बोरीबंदरपासून हाकेच्या अंतरावर

आजी, सून, नातवंडं असा सगळा गोतावळा घेऊन मुंबई पाहायला यायचं, तर उतरायचं कुठे? हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना आहे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढे लोहमार्गाने घाट ओलांडला आणि देशावरची कुटुंबंच्या कुटुंबं शहरात येऊ लागली. १८७१ मध्ये सुरू झालेलं वॉटसन हॉटेल युरोपीयांसाठी होतं. मराठी माणसाची सोय वेगळी: नातेवाइकांची चाळीतली खोली, धर्मशाळा, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईत तिथे उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधनही तिथेच झालं.

सरदारगृहाची जागा अगदी मोक्याची होती. स्टेशन जवळ, बाजार शेजारी. शिवाय शहरात ट्राम होती, १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची. गुडघे दुखणाऱ्या आजीची पायपीट त्यामुळे वाचे, आणि दुपारी पोरं पेंगुळली तर मुक्कामी परतता येई. खोलीच्या थाटापेक्षा याचं मोल कितीतरी जास्त.

३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. सरदारगृहाची इमारत मात्र आजही उभी आहे.