रोखा, उचल आणि जन्म : कर्जाची हद्द कोणासाठी आखली गेली?

शाळेच्या इतिहासात 1875 चे 'दख्खनचे दंगे' एका परिच्छेदात संपतात. सावकारांनी लुबाडले, शेतकरी चिडले, रोखे जाळले, सरकारने कायदा केला. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. आम्हाला तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल बोलायचे आहे. सरकारने कर्जाच्या कराराला हद्द घातली, ती कोणाच्या करारापुरती? आणि ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीनच नव्हती, नुसते दोन हात होते, त्याच्या कर्जाचे त्याच सरकारने काय केले?

आधी रोख्याचे पाहू. 1855 मध्ये इंग्रज सरकारने व्याजावरची कायदेशीर मर्यादा उठवली. दोघांनी कागदावर जो दर कबूल केला तो खरा, असे धोरण आले. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाच्या भल्याचा होता. जुनी बाडे उकरून कोणी दावे लावू नयेत, एवढाच. पण सावकाराने त्यातून वेगळीच वाट काढली. मुदत संपत आली की तो कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नव्या रोख्याचे मुद्दल व्हायचे.

हिशेब करून पाहा. समजा, 100 रुपये कर्ज आणि दरमहा शेकडा 2 व्याज. तीन वर्षांचे व्याज 72 रुपये. नवा रोखा 172 चा. आणखी तीन वर्षांनी जवळपास 296 चा. नऊ वर्षे भरली की 509 चा. या नऊ वर्षांत कुळाच्या हातात नवा पैसा एक छदामही आलेला नाही. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना दंडक होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. वरच्या हिशेबात हा दंडक एकदाही मोडलेला नाही. प्रत्येक रोख्यावरचे व्याज मुद्दलापेक्षा कमीच आहे. तरी कर्ज पाचपट झाले! कर्जाची मर्यादा कायद्यात लिहिलेली असली तरी 'मुद्दल' कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, मर्यादाही त्याच्याच हाती. लिहिणारा तो, वाचून दाखवणारा तोच, अंगठा मात्र दुसऱ्याचा.

त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव 1865 नंतर कोसळला आणि फेरपाहणीत शेतसारा वाढला. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने 1874 च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार घातला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि मागणी केली ती कागदांची. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत हे लोण पसरले. माणसे मारण्यापेक्षा रोखे आणि हिशेबाची बाडे हस्तगत करून जाळण्यावर लोकांचा भर होता. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही आपली मान कुठे अडकली आहे हे पक्के ठाऊक होते. पुढे 1883 मध्ये महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याच्या मागे हीच परिस्थिती होती.

चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. या कायद्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. त्याने न्यायाधीशाला सांगितले की नुसता अंगठा पाहून हुकूमनामा देऊ नकोस. व्यवहार पहिल्यापासून तपास. मुद्दल वेगळे काढ, व्याज वेगळे काढ, व्याजावर व्याज धरू नकोस. शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर झाला पाहिजे, पैसे फेडले तर पावती मिळाली पाहिजे, अशा तरतुदी केल्या. रोख्यात स्पष्ट गहाण लिहिलेली नसेल तर जमीन जप्त होणार नाही असे ठरले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले.

पळवाटा निघाल्याच. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याचा प्रकार सुरू झाला, मग तो रोखायला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तरी एक तत्त्व मान्य झाले होते. 'सही केली ना, मग भोग' हे उत्तर पुरेसे नाही. दोन बाजू बरोबरीच्या नसतील तर न्यायालयाने कागदाच्या मागे जाऊन पाहिले पाहिजे.

आता दुसरा अर्धा भाग. ज्या 1859 साली रोख्याच्या मुदतीचा कायदा झाला, त्याच साली आणखी एक कायदा झाला, त्या वर्षीचा तेरावा. नाव : कामगारांकडून होणाऱ्या कराराच्या भंगाबद्दलचा कायदा. तो आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी होता आणि इतरत्र लागू करण्याची मुभा सरकारला होती. आसामच्या चहाच्या मळ्यांतही तो वापरला गेला. कारागिराने किंवा मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम केले नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. उचल परत कर किंवा काम कर, असा हुकूम व्हायचा आणि दोन्हींतले काय हवे ते मालकाने निवडायचे. हुकूम पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला, मजुरी दिली नाही, तर मालकाला तुरुंग? तशी तरतूद या कायद्यात नव्हती.

दोन कर्जे शेजारी ठेवून पाहा. जमिनीवर घेतलेले कर्ज दिवाणी बाब ठरले, मजुरीवर घेतलेली उचल फौजदारी. 1879 नंतर पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कर्जापायी कैद नव्हती. पण 1859 चा तेरावा कायदा जिथे लागू होता तिथे उचल घेतलेल्या मजुराच्या डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार आणखी जवळपास अर्धे शतक राहिली. तो रद्द करणारा कायदा 1925 मध्ये झाला. आणि आईबापांनी उचलीपायी लेकरांची मजुरी गहाण टाकण्याचे करार निरर्थक ठरवायला 1933 साल उजाडावे लागले. जमीनदार जातींचा कर्जदार हा कायद्याच्या लेखी 'नागवला गेलेला' होता, तर बिनजमिनीचा कर्जदार 'लबाड' होता. हा फरक वर्गाचा आहेच. पण या देशात जमीन कोणाला मिळाली आणि कोणाला मिळू दिली गेली नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला त्यातली जातही दिसेल.

याच्याही खाली तिसरा थर होता. तिथे रोखाही नव्हता, उचलही नव्हती. महार वतनात माणूस जन्माला आला की देणेकरी झाला. कामाचे तास ठरलेले नाहीत, मोबदला ठरलेला नाही, एकाच्या बदली घरातल्या दुसऱ्याला जुंपले तरी चालते. ज्या कराराला सुरुवातच नाही त्याची मुदत कशी संपणार? बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच गाठीवर बोट ठेवून. काम सरकारचे असेल तर ते मोजा, ठरवा आणि त्याचा पगार द्या. म्हणजे जे जन्माचे देणे होते त्याला मर्यादा असलेल्या नोकरीचे रूप द्या. कनिष्ठ गाववतने कायद्याने संपली ती 1958 च्या कायद्यानंतर.

म्हणूनच 'करार स्वखुशीने झाला होता' हे वाक्य ऐकले की आम्ही सावध होतो. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी हा मुद्दा मुळापासून मांडला आहे. पोटाला चिमटा बसलेला माणूस कामासाठी आपले हक्क सोडून द्यायला तयार होतो, त्या तयारीला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगारीला मनाई केली. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीच्या कर्जाची व्याख्याच उलटी केली. असे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपली, असा करार निरर्थक ठरला, आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आला. या कायद्याच्या व्याख्येत उचल आहे, रूढी आहे, वारसाने आलेले देणे आहे, आणि विशिष्ट जातीत जन्म घेतल्यामुळे आलेली सक्तीही आहे. जातीचा उल्लेख कायद्याने स्वतः केला आहे. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. आर्थिक नाइलाज हीसुद्धा सक्तीच, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणे म्हणजे वेठबिगार, असे त्याने सांगितले.

मग आज उसाच्या फडात काय चालते? बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, कधी स्टॅम्पपेपरवर सही-अंगठाही असतो. पण किती टन तोडल्यावर किती उचल फिटली याची वही मुकादमाकडे. आजारपणात, बाळंतपणात खाडा पडला की त्याचा दंड उचलीत मिळवला जातो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षाच्या नावे चढते. हा दर तीन वर्षांनी बदलणारा जुना रोखाच आहे, फक्त आता तो दर हंगामाला बदलतो.

काही जण म्हणतील, मजूरही उचल घेऊन पळतात, मुकादम बुडतो. घडते हेही. मुकादमही वरच्या पैशात अडकलेला असतो हेही खरे. पण बुडालेला पैसा ही दिवाणी बाब आहे. त्यासाठी कोर्ट आहे. माणसे डांबून ठेवणे, बायकापोरांना ओलीस धरणे ही वसुली नाही, गुन्हा आहे. आणखी कोणी म्हणेल, उचल बंद केली तर मजूर खाणार काय? आम्ही उचल बंद करा म्हणत नाही. तिला हद्द घाला म्हणतो.

शेतकऱ्याला 1879 मध्ये जे मिळाले ते ऊसतोड मजुराला आज द्या. उचलीचा आकडा, तोडीचा दर आणि कपातीचा हिशेब करारात लिहा. कराराची प्रत मजुराच्या हातात द्या, नवरा आणि बायको दोघांच्या नावे. दर आठवड्याला पावती द्या. दंडाची रक्कम उचलीत मिळवायला बंदी करा. हंगाम संपला की हिशेब संपला, पुढच्या वर्षावर ओझे नाही. आणि 1976 च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली ज्या दक्षता समित्या नेमायला सांगितल्या, ज्यांत अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य घ्यायला सांगितले, त्या तुमच्या जिल्ह्यात आहेत का, शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला फार खर्च येत नाही.

सुप्याच्या लोकांना कागद जाळावा लागला, कारण तो वाचण्याचा अधिकारच त्यांच्याकडे नव्हता. आपल्याला बाबासाहेबांनी अक्षर दिले आणि संविधानही दिले. आता कागद जाळायचा नाही. तो मागायचा, वाचायचा, आणि त्यातले प्रत्येक कलम कोणी, कोणासाठी लिहिले हे विचारायचे.

जय भीम!