रिकाम्या मैदानातले षटकार

क्रिकेटमधून एकेरी-दुहेरी धावा, चौकार, क्षेत्ररक्षण, संघ आणि शेवटी प्रेक्षकसुद्धा वगळले आणि फक्त षटकार तेवढा ठेवला, तर मागे काय उरेल? अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने बेसबॉलच्या बाबतीत नेमका हाच उद्योग केला होता. 'होमरन डर्बी' हे त्याचे नाव. ९ जानेवारी ते २ जुलै १९६० या काळात त्याचे सव्वीस भाग प्रक्षेपित झाले. २००७ साली ते डीव्हीडीवर आले. तेव्हापासून हे कृष्णधवल भाग मी किती वेळा पाहिले असतील, याची मोजदाद नाही. पहिल्यांदा पाहिले ते फटक्यांसाठी. आता पाहतो ते फटक्यांच्या मधल्या वेळासाठी. असे का, तेच सांगायचे आहे.

आधी खेळ समजून घेऊ. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता, दोन्ही बाजूंच्या रेषांच्या आतून, थेट कुंपणापलीकडे गेला की होमरन. आपला षटकारच म्हणा. या स्पर्धेत दोनच फलंदाज, प्रत्येकाला नऊ डाव आणि दर डावात तीनदा बाद होण्याची मुभा. मारलेला चेंडू कुंपणापलीकडे गेला नाही की बाद. नीट पट्ट्यातून आलेला चेंडू सोडून दिला तरी बाद. वाईट चेंडू सोडल्यास शिक्षा नाही. नऊ डावांअखेर ज्याचे होमरन जास्त, तो जिंकला. त्याला दोन हजार डॉलरचा धनादेश आणि पुढच्या भागाचे आमंत्रण. हरणाऱ्याला एक हजार. लागोपाठ तीन होमरन मारले तर पाचशे वरकड.

आज या रकमा किरकोळ वाटतील. पण त्या काळचा अमेरिकन बेसबॉलपटू एकदा एका संघाशी करारबद्ध झाला की संघ त्याला सोडेपर्यंत किंवा विकेपर्यंत त्याच संघाला बांधलेला असे. ही वेठ सैल झाली ती १९७५ च्या अखेरीस, लवादाच्या निकालाने. तोवर अनेक खेळाडू हिवाळ्यात दुसरे काहीतरी काम करून घर चालवीत. दोन हजार डॉलरसाठी नामांकित मंडळी सुट्टीत रिकाम्या मैदानावर का आली, याचे उत्तर यात आहे.

मैदान होते लॉस एंजेलिसचे रिग्ली फील्ड. च्युइंगममुळे श्रीमंत झालेल्या विल्यम रिग्ली यांनी १९२५ साली ते उभारले. शिकागोच्या प्रसिद्ध रिग्ली फील्डला हे नाव मिळाले ते त्यानंतर. डावीकडचे कुंपण ३४० फुटांवर, उजवीकडचे ३३९ फुटांवर. त्यामुळे डावखुऱ्याला वेगळा न्याय आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याला वेगळा, असा प्रश्नच नव्हता. शिवाय तिथला हिवाळा उबदार. निवेदक मार्क स्कॉट एका छोट्या टेबलाशी बसे आणि एकजण फलंदाजी करीत असताना दुसरा त्याच्या शेजारी येऊन बसे. बाक रिकामे, टाळी नाही, आरोळी नाही. ऐकू येतो तो बॅटचा आवाज, आणि या दोघांच्या गप्पा.

एकूण एकोणीस फलंदाज या स्पर्धेत उतरले. पहिल्याच भागात मिकी मँटल विरुद्ध विली मेज. मँटलने पिछाडीवरून येऊन ९-८ असा विजय मिळवला. जॅकी जेन्सनने अर्नी बँक्सविरुद्ध चौदा होमरन मारले. बँक्सचे अकरा झाले आणि तरी तो हरला! पण सर्वांत जास्त कमाई केली ती हँक आरनने. सलग सहा विजय. नऊ-सहा असे दणदणीत आकडे फक्त पहिल्या लढतीत. पुढे एकदा ३-१ आणि एकदा ३-२ एवढ्यावरही त्याने भागवले. अखेर वॉली पोस्टने त्याला ७-४ असे हरवले, तोवर आरनची मिळकत साडेतेरा हजार डॉलर झाली होती. आरन शेजारी येऊन बसला की स्कॉटची पंचाईत होत असावी, कारण हा गृहस्थ बोले थोडे. विचारले तेवढे सांगायचे, प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याला मान द्यायचा आणि पाळी आली की उठायचे.

त्या टेबलाकडेच आता माझे लक्ष असते. आरन, मेज, बँक्स आणि फ्रँक रॉबिन्सन हे एकोणिसांतले चौघे कृष्णवर्णीय. मोठ्या लीगचे दार कृष्णवर्णीयांना उघडले १९४७ साली, जॅकी रॉबिन्सनमुळे. पण बोस्टनच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला जुलै १९५९ उजाडला होता. म्हणजे हे चित्रण होण्याच्या जेमतेम काही महिने आधी! फ्लोरिडातल्या सराव शिबिरांत तर कृष्णवर्णीय खेळाडूंना संघापासून वेगळे उतरावे लागे. आणि कार्यक्रम सुरू असतानाच, १ फेब्रुवारी १९६० रोजी, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना कोणी वाढले नाही. ते उठले नाहीत. तो काउंटर सर्वांना खुला झाला २५ जुलैला. होमरन डर्बीचा शेवटचा भाग त्याआधी तीन आठवडे होऊन गेला होता.

म्हणजे एका ठिकाणी बाकावर शेजारी बसू द्या एवढ्यासाठी सहा महिने झगडावे लागत होते, आणि त्याच महिन्यांत घरोघरच्या पडद्यावर अलाबामाचा आरन आणि गोरा निवेदक टेबलाशी खांद्याला खांदा लावून गप्पा मारीत होते. कार्यक्रमाने त्याचा गाजावाजा केला नाही. तो हेतूही नव्हता. हेतू जाहिरातदारांचा वेळ भरण्याचा होता. पण गोलंदाज तोच, कुंपण तेच, आणि धनादेशही सारखाच. दोन भाषांच्या गावात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लवकर उमगावी. शेजार टिकतो तो भाषणांनी कमी आणि असल्या रोजच्या, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या बसण्या-उठण्याने अधिक.

कार्यक्रमाचे दुसरे पर्व आले नाही. शेवटच्या भागानंतर अकराच दिवसांनी, १३ जुलै १९६० रोजी, मार्क स्कॉट हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय अवघे पंचेचाळीस. मैदानाला मात्र आणखी थोडे आयुष्य होते. १९६१ साली एंजल्स या नव्या संघाने तिथे एक हंगाम काढला आणि त्या एका वर्षात तिथे २४८ होमरन झाले. २६ मे १९६३ रोजी तिथेच मार्टिन ल्यूथर किंग यांची प्रचंड सभा झाली. बाक, ज्यांच्यासमोर आरन निमूट खेळून गेला होता, त्या दिवशी भरून वाहिले. १९६९ मध्ये मैदान पाडायला घेतले. आज तिथे सार्वजनिक उद्यान आहे. १९८५ पासून मोठ्या लीगची स्वतःची होमरन डर्बी भरते. तिला खच्चून गर्दी असते. त्या जुन्या एकोणिसांपैकी मात्र आज कोणीही हयात नाही.

माझ्या आवडीचा भाग आरन विरुद्ध एडी मॅथ्यूज. दोघेही मिलवॉकीच्या एकाच संघातले, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा. आरन ४-३ असा जिंकला. एका संघात असताना या जोडीने मिळून ८६३ होमरन मारले. इतके कोणत्याही जोडीने मारलेले नाहीत. पुढे बेब रूथच्या ७१४ होमरनच्या विक्रमाजवळ आरन पोचला, तेव्हा त्याला धमकीची पत्रे येऊ लागली. एका गोऱ्या दैवताचा विक्रम कृष्णवर्णीय माणसाने मोडू नये, एवढेच लिहिणाऱ्यांचे म्हणणे. ८ एप्रिल १९७४ रोजी त्याने ७१५ वा होमरन मारला. त्या दिवशी त्याच्या संघाचा व्यवस्थापक होता एडी मॅथ्यूज.

हे ठाऊक झाल्यावर तो जुना भाग पुन्हा लावून पाहावा. एक चेंडू मारतो, दुसरा टेबलाशी बसून त्याचे कौतुक करतो, मग दोघे जागा बदलतात. एवढेच घडते, आणि मला ते पुरते.