खिरीची खपली जर्मनीत कुठली घ्यायची?



सणवार जवळ आले की आम्हा गेर्लिंगेनकरांत एक प्रश्न हमखास निघतो: गव्हाच्या खिरीसाठी खपली इथे कुठे मिळेल? सर्वांच्या सोयीसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

खपली म्हणजे काय?
साध्या गव्हाचे टरफल मळणीतच सुटते. खपलीचे टरफल दाण्याला चिकटून राहते, म्हणून ती सडावी लागते. सांगली-कोल्हापूरकडे पूर्वी पाण्याचा हात लावून उखळात सडत आणि सुपाने पाखडत. आता हे काम बहुतेक यंत्रावर होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस २९७१' हे खपलीचे सुधारित वाणही काढले आहे.

इथल्या दुकानात काय पाहावे?
- एमर: हीच आपली खपली, प्रजाती एकच (गुणसूत्रे २८). बायो दुकानात विचारा.
- डिंकेल: आपल्या श्वाबेन भागाचे जुने धान्य, सहज मिळते. टरफल असेच चिकट, पण हा गहू वेगळा (गुणसूत्रे ४२). एमर नसेल तर खिरीला चालतो.
- आइनकॉर्न: दाणा लहान (गुणसूत्रे १४).
- ग्र्युनकेर्न: कोवळा डिंकेल भट्टीत वाळवलेला. धुरकट वास येतो, सूपला छान, खिरीला नको.

पाकिटावर 'एन्टश्पेल्त्स्ट' म्हणजे टरफल काढलेला. वरचा कोंडा मात्र तसाच असतो, त्यामुळे शिजायला वेळ लागतो.

खिरीची कृती
१ वाटी एमर रात्रभर भिजवा. पाणी काढून मिक्सरमध्ये २-३ वेळा थांबत थांबत फिरवा, पीठ होऊ देऊ नका. ४ वाट्या पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. पाऊण ते १ वाटी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर सुंठ घालून उकळा. दूध वाढताना वाटीतच घाला. गुळाबरोबर उकळले तर फाटते.

महत्त्वाचे!
'खपलीत ग्लुटेन नसते' असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात. ते खरे नाही. खपली, डिंकेल, आइनकॉर्न, ग्र्युनकेर्न हे सगळे गहूच, आणि सगळ्यांत ग्लुटेन असते. घरात कुणाला सीलिॲक (जर्मनीत 'त्सोलियाकी') असेल, विशेषतः लहान मुलांना, तर ही खीर अजिबात देऊ नका. त्यांच्यासाठी तांदळाची किंवा वरीची खीर करा, पाकिटावर 'ग्लुटेनफ्राय' आहे ना ते पाहून. मंडळाच्या कार्यक्रमाला खीर आणलीत तर भांड्यावर 'गहू' अशी चिठ्ठी जरूर लावा.

करून बघा, आणि कशी झाली ते आम्हाला नक्की कळवा!