ओहमचा भागाकार : एका संज्ञेचा इतिहास

विद्युद्दाबास विद्युत्प्रवाहाने भागले असता रोध मिळतो, आणि त्या दोहोंचा गुणाकार केला असता शक्ती मिळते. २३० व्होल्ट दाबावर २ अँपिअर प्रवाह घेणाऱ्या विजेच्या शेगडीचा रोध ११५ ओहम व शक्ती ४६० वॅट होय. हे गणित शाळकरी मुलासही सुलभ वाटते. तथापि त्यातील राशींना स्वतंत्र नावे मिळेपर्यंत हा भागाकार या रूपात मांडणेच शक्य नव्हते.

गेऑर्ग झिमोन ओहम हा कोलोन येथे शिक्षक होता. १८२५ साली त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र चुकीचे ठरले, कारण त्या काळच्या विद्युत्घटाचा जोर प्रयोग चालू असतानाच ओसरत असे. पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ व तांबे यांचे युग्म घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने जोर स्थिर राहिला. सारख्या जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून त्याने प्रवाह मोजला. त्यातून १८२६ साली खरा नियम हाती आला व १८२७ साली बर्लिन येथे त्याचा ग्रंथ निघाला.

या ग्रंथात आजच्या अर्थाची ‘रोध’ ही राशी मात्र मध्यवर्ती नाही. तारेची लांबी तिच्या छेदाने व वाहकतेने भागून ओहम जी राशी काढतो, तिला तो ‘संक्षिप्त लांबी’ म्हणतो. दाबासाठी त्याची संज्ञा ‘विद्युद्दर्शकीय बल’ अशी आहे. उष्णतेच्या वहनावरील फूरिएच्या १८२२ च्या ग्रंथाचा आदर्श त्याच्यापुढे होता. तेव्हा लांबीच्या भाषेत विचार करणे त्यास स्वाभाविकच होते. वाचकास मात्र ते जड गेले असावे. विद्यापीठातील पदाच्या आशेने कोलोनची जागा सोडणाऱ्या या मनुष्यास १८३३ पर्यंत न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेची वाट पाहावी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कॉप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला, परंतु म्यूनिक येथील भौतिकीचे प्राध्यापकपद त्यास १८५२ साली, म्हणजे मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे, लाभले.

इंग्लंडात व्हीटस्टनने १८४३ च्या व्याख्यानात ‘विद्युच्चालक बल’ व ‘रोध’ ही नावे रूढ केली आणि नियम सुबोध झाला. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध, ही केवळ व्याख्या आहे. हा भागाकार तापमान न बदलता कायम राहतो, हा ओहमचा नियम. दिव्यातील टंगस्टनची तार तापून उजळली की तिचा रोध थंड स्थितीच्या दहापट वा त्याहूनही अधिक होतो; व्याख्या तेव्हाही अबाधित असते.

शक्तीचा गुणाकार निराळ्या वाटेने आला. पाण्यात बुडविलेल्या तारेची उष्णता मोजून ज्यूलने १८४१ साली दाखविले की, ती प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते. रोध कायम धरून वरील शेगडीस ११५ व्होल्ट दिले तर प्रवाह १ अँपिअर, पण शक्ती ११५ वॅट, म्हणजे चतुर्थांशच उरते.

१८८१ च्या पॅरिस परिषदेने ओहम, व्होल्ट व अँपिअर ही एककनामे मान्य केली. ‘वॅट’ हे नाव विल्यम सीमेन्सने १८८२ साली सुचविले. प्रवाहाचे चिन्ह ‘आय’ मात्र अँपिअरच्या फ्रेंचमधील ‘तीव्रता’ या शब्दाचे आद्याक्षर होय. तो शब्द मागे पडला, अक्षर राहिले.