केनियातील कोरीवकाम : लाकडापासून टाकाऊ चपलांपर्यंत

प्रस्तावना :
हस्तकलेच्या इतिहासलेखनात कारागीर, शैली व बाजारपेठ यांचा विचार होतो. कच्चा माल कोठून येतो, हा प्रश्न बहुधा दुय्यम राहतो. केनियातील कोरीवकामाच्या इतिहासात मात्र हाच प्रश्न निर्णायक ठरला. प्रस्तुत लेखात कच्च्या मालातील स्थित्यंतरे आणि वन्यजीवसंवर्धन यांच्या परस्परसंबंधांचा आढावा घेतला आहे.

लाकडी कोरीवकामाचा उदय व संकट :
पहिल्या महायुद्धाच्या काळात कांबा समाजातील मुटिस्या मुंगे यांनी टांगानिकातील झारामो कारागिरांकडून कोरीवकाम आत्मसात केले व वामुन्यु या आपल्या गावी ते रुजविले. पर्यटकांची मागणी वाढत गेली, तशा कारागिरांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि हजारो कुटुंबांचा चरितार्थ या व्यवसायावर चालू लागला. मात्र त्यात एक अंतर्विरोध होता. ज्या लाकडातून हत्ती, जिराफ व गेंडे साकारत, त्याच लाकडासाठी वन्यजीवांचा अधिवास क्षीण होत होता. मपिंगो व मुहुगू हे वृक्ष अत्यंत सावकाश वाढतात. दुर्मीळ सोकोके घुबडाचे आश्रयस्थान असलेल्या अराबुको-सोकोके अरण्यातही मुहुगूची तोड झाली.

१९९० च्या दशकात जागतिक वन्यजीव निधी व अन्य संस्थांनी पर्यायी लाकडाचा पुरस्कार केला. त्यात कडुनिंब प्रमुख होता. भारतीय उपखंडातून तेथे गेलेल्या या वृक्षाला स्वाहिलीत ‘म्वारोबाईनी’, म्हणजे चाळीस व्याधींवरील झाड, असे म्हणतात.

टाकाऊ चपलांचा उपयोग :
याच दशकाच्या उत्तरार्धात केनियाच्या उत्तर किनाऱ्यावर दुसरा पर्याय पुढे आला. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या किउंगा सागरी अभयारण्याच्या परिसरात कासवे अंडी घालतात. हिंदी महासागराच्या प्रवाहांबरोबर वाहून आलेल्या रबरी चपलांचे ढीग तेथील वाळूवर साचत व कासवांच्या मार्गात अडथळा आणीत. किवायु बेटावरील मुले या चपलांची खेळणी करतात, हे सागरी संवर्धनक्षेत्रात काम करणाऱ्या ज्युली चर्च यांच्या लक्षात आले आणि त्यांनी स्थानिक स्त्रियांना अशा वस्तू करून विकण्यास प्रोत्साहन दिले. त्यातूनच पुढे ‘ओशन सोल’ हा उद्योग आकारास आला. गोळा केलेल्या चपला धुऊन, एकमेकींवर चिकटवून त्यांचे ठोकळे केले जातात; ते कोरून व घासून प्राण्यांच्या आकृती घडविल्या जातात. लाकूडकाम करणारे अनेक कारागीर या कामाकडे वळले. वृक्ष वाचला, किनारा काही अंशी स्वच्छ झाला आणि हातातील कौशल्यही टिकले.

निष्कर्ष :
या प्रयोगाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. या कलेचा कच्चा माल म्हणजे कचरा; तो येत राहिला तरच व्यवसाय चालतो. शिवाय उत्पन्नाची भिस्त पर्यटक व परदेशी ग्राहक यांच्यावर आहे. हस्तकला कचऱ्याचे मूल्य वाढवू शकते. त्याचा उगम रोखण्यासाठी कायदाच हवा. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर घातलेली बंदी हे त्या दिशेचे पाऊल होय. असे असले, तरी कारागिराला दोष देऊन अरण्य वाचत नाही. त्याच्या हाती पर्यायी सामग्री द्यावी लागते, हा या इतिहासाचा बोध आहे.