सोयाबीनची मुळे आणि जिवाणूंचा संकेत

मध्य प्रदेशाच्या शेतीचा इतिहास लिहिताना जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा उल्लेख टाळता येणार नाही. १९६४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या दाण्याच्या अमेरिकन सोयाबीनवर प्रयोग झाले आणि पुढे पावसाळ्यात पडीक राहणारी काळी राने या पिकाखाली आली. आपल्या वऱ्हाड-मराठवाड्यातही ते आज घरचेच झाले आहे. परंतु बियाणे आणले म्हणजे पीक साधले, असे नव्हे. सोयाबीनला हवेतील नत्र मिळवून देणारा जिवाणू, ज्या शेतात हे पीक पूर्वी झाले नाही तेथे, क्वचितच आढळतो. म्हणून तो गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्यास चोळावा लागतो. परमुलखात आलेल्या आम्हां नोकरदारांस आपली भाषा जाणणाऱ्या सोबत्याचे मोल सांगावयास नको. या पाहुण्या पिकाची गत तीच होती.

येथली भाषा मात्र रसायनांची आहे. मुळांवरील गाठींतील जिवाणू नत्र बांधतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८८ पर्यंत सिद्ध केले. पण जिवाणू आणि मूळ एकमेकांस ओळखतात कसे, हे उमगण्यास सुमारे शंभर वर्षे जावी लागली. १९६१ साली जाकोब व मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी जिवाणूंतील जनुके गरजेप्रमाणे चालू वा बंद कशी होतात, याची उपपत्ती मांडली. त्या वाटेने पुढे गेलेल्या संशोधकांना १९८० नंतर हे कोडे उलगडले. सोयाबीनचे मूळ जेनिस्टीन व डेडझीन ही द्रव्ये मातीत सोडते. जिवाणूच्या पेशीतील एक प्रथिन त्यांची चाहूल घेते आणि तोवर मूक असलेली जनुके जागी करते. मग जिवाणू उलट संकेत धाडतो. मुळाच्या पेशीवरील ग्राहक प्रथिने तो ओळखतात, पेशीच्या केंद्रकात व त्याभोवती कॅल्शियमची पातळी लयीत वरखाली होऊ लागते, आणि गाठ घडविणारी जनुके कामास लागतात.

तथापि गाठी पोसण्यास झाडाला आपली साखर खर्चावी लागते. म्हणून जमिनीत नत्र विपुल असेल, तर झाड स्वतःच नव्या गाठींना आवर घालते. सोयाबीनला युरिया सढळ हाताने देणारा शेतकरी पैसा तर घालवितोच, शिवाय हवेतून मिळणारे नत्रही गमावतो. जबलपूरहून पसरलेल्या या पिकाचा हिशेब मांडताना बियाण्याइतकेच महत्त्व मुळाच्या या संवादास दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.