ठिगळाची कुळकथा

पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांवास लागूनच वारूळवाडी हें गांव आहे. मीना नदीच्या या खोऱ्यांत पौषाची थंडी पडूं लागली म्हणजे घरोघरच्या गोधड्या बाहेर निघतात. जुनीं लुगडीं, विटलेलीं धोतरें, मुलांचे फाटके सदरे यांचे थर एकावर एक घालून व वर रंगीत ठिगळें बसवून त्या शिवलेल्या असतात. ठिगळ म्हणजे दारिद्र्याची खूण, अशी आपल्याकडे समजूत आहे. इतिहास मात्र निराळें सांगतो, आणि तो ऐकण्यासाठीं फार दूर जावयास नको.

जुन्नरभोंवतींच्या डोंगरांत लेण्याद्रि, मानमोडी, तुळजा व शिवनेरी येथें बौद्ध लेणीं आहेत. तेथें राहणाऱ्या भिक्षूंचें वस्त्र म्हणजे चीवर. विनयपिटकांतील कथेप्रमाणें मगधांतील शेतांची बांधबंदिस्ती पाहून तशाच आखणीचीं चीवरें करावीं, असें बुद्धानें आनंदास सुचविलें. चांगलें अखंड कापड आधीं कापावयाचें आणि मग ते तुकडे जोडावयाचे, हा उलटा व्यवहार सहेतुक होता. कापलेलें वस्त्र श्रमणास साजे आणि चोरासहि त्याचा लोभ सुटत नसे. उकिरड्यावरच्या चिंध्या वेंचून केलेल्या ‘पांसुकूल’ चीवराचा मान तर विशेषच.

या चीवरांचा खर्च चाले कसा? नाशिकच्या पांडवलेण्यांत १० व्या क्रमांकाच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. (नहपानाचा अंमल जुन्नरावरहि होता, त्याचा अमात्य अयम याचा, वर्ष ४६ चा, लेख मानमोडीस आहे.) वर्ष ४२ मध्यें उषवदातानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेविले; व्याज दरमहा शेंकडा १. वर्षाचे झाले २४०. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ द्यावयाचे, म्हणजे बरोबर २४०! मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें, ही अटहि दगडांतच कोरलेली आहे.

गोधडी शिवणाऱ्या बायांच्या श्रमांचा हिशेब मात्र कोणत्याच दगडावर नाहीं. त्यांची विद्या काय थोडी आहे? सुती ठिगळाची कड आंत मुडपल्याखेरीज तिचे दोरे सुटतात. थर ताणले गेले तर सबंध गोधडी आंखडते. म्हणून धांवदोरा कडेपासून आंत आंत फिरवीत न्यावा लागतो.

याच विद्येचें एक परदेशी रूप अमेरिकेंतील ‘स्वेटशर्ट’, म्हणजे घामाचा सदरा, यावर दिसतें. खेळाडूंचे लोकरी सदरे अंगास खाजवीत, म्हणून १९२० नंतरच्या दशकांत जाड सुती विणीचे सदरे तेथें पुढें आले. गळ्याखालीं एक त्रिकोणी तुकडा जोडीत. त्यानें घाम टिपावा व गळा ताणूं नये, हा हेतु. छातीवर अक्षर लावण्याची चाल त्याहून जुनी. हार्वर्डच्या बेसबॉल खेळाडूंनीं १८६५ सालीं ती पाडली असें सांगतात. पुढें अशीं अक्षरें नमद्याचीं, म्हणजे फेल्टचीं, होऊं लागलीं. नमदा विणलेला नसतो. ओली लोकर दाबून, घोळून तो बनतो. त्यामुळें त्याला दोरे सुटत नाहींत आणि कड मुडपण्याची कटकटहि उरत नाहीं. मात्र कोऱ्या सदऱ्यास आधीं एक धुणें द्यावें लागतें, नाहीं तर तो मागाहून आटून नमद्याभोंवतीं चुण्या पडतात. विणीचें कापड ताणतें, म्हणून तें सैल पसरून तुकडा कच्च्या टांक्यांनीं धरावा व मग काजटांक्यानें पक्का करावा. ऊन पाणी लोकरी नमद्यास वर्ज्यच.

जुन्या धर्तीचे नवे सदरे शिवणारे आज गळ्याखालचा तो त्रिकोण नुसत्या शोभेसाठीं ठेवितात. घाम टिपण्याचें त्याचें काम कधींच सुटलें. गोधडीवरच्या ठिगळाचें काम मात्र सुटलेलें नाहीं. तें कोणाच्या लुगड्याचें, हें घरांतल्या माणसांस विचारावें लागत नाहीं.